सुंबा बेटावरचा हायड्रम: दरीतलं पाणी माथ्यावर नेतानाच्या नोंदी

आधी जागा. सुंबा हे इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतातलं बेट, फ्लोरेसच्या दक्षिणेला. बालीहून छोट्या विमानाने वाइंगापूला उतरायचं, तिथून लाकडी बाकं ठोकलेल्या ट्रकने साडेतीन तास आणि शेवटची पाऊण तासाची चाल. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ३१ घरं, १७० च्या आसपास माणसं. गाव टेकडीच्या माथ्यावर, झरा दरीत. सुंबातली जुनी गावं अशीच वसली आहेत, कारण टोळ्यांच्या लढाया चालायच्या तेव्हा माथा सुरक्षित असायचा. लढाया संपून जमाना झाला, पाणी मात्र खालीच राहिलं.

मी कोल्हापूरची, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वाढलेली. सहा महिन्यांच्या कामावर इथे आले. कुणी असाच हायड्रम, म्हणजे वाहत्या पाण्याच्या धक्क्यावर चालणारा पंप, बसवणार असेल तर त्याचे पैसे आणि दिवस वाचावेत म्हणून लिहिते आहे.

१२ मे २०२४

सकाळपासून तोंड लाल आहे. कुणाच्याही ओट्यावर टेकलं की पहिली सुपारीची टोपली पुढे येते. आपल्यासारखं पान नसतं. नागवेलीचं हिरवं, बोटाएवढं लांबट फळ असतं, ते चावायचं, सोबत सुपारीचा तुकडा आणि थोडा चुना. चुना जास्त झाला आणि गाल आतून पोळला. आजी लोक हसून हसून बेजार.

माझं वय ३४, पण सगळे मला 'मामा' म्हणतात. इथे मामा म्हणजे आई, मोठी बाई. पुरुषाला 'बापा'. घरी फोनवर सांगितलं तर भाचा गडाबडा लोळला. गावप्रमुखाला 'कपाला देसा' म्हणतात, म्हणजे कपाळ आणि देश. तेवढ्यावर भाषा येते असं समजू नये, पाण्याला 'आयर' म्हणतात.

बायकांबरोबर एक खेप केली. उतरायला १५ मिनिटं, भरलेले जेरिकेन घेऊन चढायला ३५. पाच-पाच लिटरचे दोन जेरिकेन घेऊन मी वाटेत तीनदा बसले. माझ्यापुढची मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल, ती एकदाही बसली नाही.

आजची मापं: झऱ्याखाली २० लिटरची बादली १४ सेकंदांत भरली. तीनदा भरून पाहिली. म्हणजे मिनिटाला ८५ लिटर. झऱ्यापासून ओढ्याच्या पात्रापर्यंत ३.६ मीटरचा उतार मिळतो. गावाची उंची फोनवरच्या ॲपने मोजली, झऱ्यापासून ३८ मीटर. (इथेच पहिली चूक झाली.)

सोलर पंप का नाही, असं इथे येण्याआधी मीही विचारलं होतं. तो आहे. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी बसवला, पावसाळ्यात कंट्रोलर जळला, दुरुस्तीला जावा बेटावरच्या सुराबायाला पाठवावा लागेल म्हणून तसाच राहिला. पॅनलवर आता मोबाइल चार्ज होतात आणि सावलीला कोंबड्या बसतात. हायड्रमला वीज लागत नाही, डिझेल लागत नाही. बरंच पाणी थोड्या उंचीवरून पडतं, त्याच्या धक्क्याने त्यातलं थोडंसं खूप वर चढतं, उरलेलं ओढ्याला जातं. दोन व्हॉल्व्हची आलटून पालटून उघडझाप होते, पंप म्हणावा तर एवढाच. बिघडलं तर गावात दुरुस्त होईल, हा एकच हिशोब मी केला होता.

१९ मे

टाकीची जागा ठरवायला गेले आणि तोंडघशी पडले. गावाच्या मध्यावर मोठं सपाट अंगण आहे, तिथून सगळ्या घरांना उताराने पाणी जाईल. मी खुंट्या ठोकल्या. अर्ध्या तासाने एक म्हातारे बापा आले, काही न बोलता चारही खुंट्या उपटल्या आणि माझ्या हातात दिल्या. ते अंगण पूर्वजांच्या दगडी थडग्यांचं. एकेका थडग्यावर ट्रकच्या टपाएवढी शिळा. तिथे पहार लावायची नसते, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

झऱ्यावरही आधी पूजा झाली. बरेच लोक ख्रिस्ती असले तरी मारापू, म्हणजे पूर्वजांचा धर्म, सुटलेला नाही. कोंबडी कापली, तिची आतडी पसरून म्हाताऱ्या बापांनी बराच वेळ पाहिली. निकाल 'चालेल' असा लागला. मला हायसं वाटलं, हे कबूल करते.

टाकी आता गावाच्या खालच्या अंगाला. त्यामुळे वरची सात घरं टाकीहून ९ मीटर उंच राहतात, त्यांच्यापर्यंत नळ जाणार नाही. हे आज सभेत सांगितलं. कुणी रागावलं नाही, ते मला जास्त लागलं.

३ जून

वाइंगापूत खरेदी. आकडे इंडोनेशियन रुपियात. आपल्या एका रुपयाला साधारण १९० रुपिया पडतात.

दोन इंची जी.आय. (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, सहा मीटरचे तीन नग, १४,४०,०००. एक इंची काळा पाइप, १०० मीटरची चार वेटोळी, ३८,००,०००. व्हॉल्व्ह, टी, एल्बो, चार इंची पीव्हीसीचा तुकडा आणि टोपण, ११,६०,०००. सिमेंट १४ पोती, १०,०८,०००. ट्रक ९,००,०००. एकूण ८३,०८,०००, म्हणजे आपले साधारण ४४ हजार. वाळू-दगड गावातले, मजुरी गावाची. 'गोतोंग रोयोंग', आपलं श्रमदान.

नॉन-रिटर्न, म्हणजे पाणी मागे न येऊ देणाऱ्या, व्हॉल्व्हला इथे 'तुसेन क्लेप' म्हणतात, शब्द डचांचा. मी हातवारे करून दहा मिनिटं समजावत होते, दुकानदाराने शांतपणे खोकं काढून ठेवलं.

१४ जून

जी.आय. पाइपचा एक नग ३० किलोच्या आसपास. दोन नग दरीत उतरवले, तिसऱ्याला माणसं दमली. मी म्हटलं राहू दे, शेवटचे सहा मीटर पीव्हीसी लावू. असं करू नका. झऱ्याकडून पंपाकडे येणारा पाइप कडकच हवा. पाण्याचा धक्का पीव्हीसी अंगावर घेऊन फुगतो, पंपापर्यंत उरतो तो बसका ठोका. दोन दिवस व्हॉल्व्हची वजनं कमी-जास्त करत बसले, दोष व्हॉल्व्हमध्ये नव्हताच. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने तिसरा नग उतरवला.

पंपाचा काँक्रीटचा चौथरा दोन दिवसांत भिजवणं थांबवून पंप वर बसवला. हादऱ्याने कोपरा फुटला. पुन्हा ओतला, आठ दिवस ओली गोणपाटं टाकून ठेवली. कोल्हापुरात कुणी असं केलं असतं तर मीच त्याला सुनावलं असतं.

२२ जून

पहिला दिवस. हायड्रम आपोआप सुरू होत नाही. बाहेरचा व्हॉल्व्ह अंगठ्याने दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. वीस-पंचवीस वेळा दाबल्यावर त्याने स्वतःचा ठोका धरला. ठक्… ठक्… ठक्. मिनिटाला ५४. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग सगळे वर टाकीपाशी जाऊन बसलो. एक तास झाला, पाइपच्या तोंडातून हवासुद्धा येईना. मी खाली येऊन पंप बंद केला, सगळे सांधे उघडले, पुन्हा बसवले. काही सापडलं नाही.

रात्री झोपताना हिशोब केला. ३४० मीटर पाइप रिकामा. नुसता तो भरायलाच १८० लिटर पाणी लागतं. पाणी येतच होतं, मीच ते सांडलं.

२३ जून

पुन्हा चालू केला आणि स्वतःला टाकीपाशी बसवलं. सव्वा तासाने पाइप खोकला, फुरफुरला आणि करंगळीएवढी धार पडली. एका मामाने ओंजळ धरली, प्यायली नाही, तोंडावर मारून घेतली.

धार ४० मिनिटं टिकली. मग खालून बंदुकीसारखा आवाज. हवेच्या भांड्याचं, म्हणजे आतली हवा दाबली जाऊन धक्का झेलते त्या चार इंची पीव्हीसीच्या तुकड्याचं, टोपण उडून ओढ्यापलीकडे पडलं होतं. तिथे कुणी उभं नव्हतं म्हणून आज ही नोंद सरळ लिहू शकते. इथे पीव्हीसी पाइप दोन प्रकारचे मिळतात, जाड भिंतीचा 'ए डब्ल्यू' आणि सांडपाण्याचा पातळ 'डी'. मला 'डी' दिला होता. दोष दुकानाचा म्हणावा तर पाइपवर अक्षर छापलेलं होतं आणि मी वाचलं नव्हतं.

६ जुलै

नवं भांडं बसवलं. आता सांधे सुटू लागले, सगळे पंपाजवळच्या शंभर-दीडशे मीटरमध्ये. तीन दिवस क्लॅम्प आवळत राहिले. चौथ्या दिवशी शंका आली म्हणून पारदर्शक नळी आणली आणि गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने झऱ्यापासून टाकीपर्यंतची उंची टप्प्याटप्प्याने मोजली. दोन मुलं, एक काठी, सगळा दिवस.

५२ मीटर. फोन म्हणाला होता ३८.

म्हणजे तळाशी चौरस सेंटिमीटरला पाच किलोंहून जास्त दाब, वर प्रत्येक ठोक्याचा धक्का. मी घेतलेला शेतीचा पातळ पाइप त्यासाठी नव्हताच. खालचे १५० मीटर जाड भिंतीचा पाइप घ्यावा लागला, २१,००,०००, वर ट्रकची दुसरी फेरी ९,००,०००. त्या एका आकड्याची किंमत ३० लाख रुपिया आणि तीन आठवडे. ती साधी नळी पहिल्याच दिवशी वापरायची होती.

पाण्याचा हिशोबही खाली आला. दिवसाला पावणेचार हजार लिटर धरले होते, आता अडीच हजार मिळाले तरी पुष्कळ.

२८ जुलै

मधले बारा दिवस मलेरियात गेले. पूर्व नुसा तेंगारात तो अजून चांगलाच ठाण मांडून आहे. आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेऊन काच पाहिली, निळ्या गोळ्या दिल्या आणि वर चौदा दिवसांचं प्रायमाक्विन. मच्छरदाणी होती, संध्याकाळी झऱ्यावर उघड्या पायांनी काम केल्यावर तिचा काय उपयोग.

आजारी असताना ज्या घरी होते ते जुन्या पद्धतीचं. खाली डुकरं, मध्ये माणसं, वर गवताचं उंच टोकदार छप्पर आणि त्या टोकात पूर्वजांच्या वस्तू. मधोमध चूल, धूर गवतातून झिरपत वर जातो. ताप चढला की त्या अंधाऱ्या टोकाकडे बघत पडून राहायचे. घरातल्या मामाने माझ्यासाठी दरीतून रोज जास्तीची एक खेप केली. पाणी आणायला आलेल्या बाईसाठी पाणी.

५ ऑगस्ट

जाड पाइप बसला. टाकीत मिनिटाला १.७ लिटर, दिवसाला जवळपास २,४५० लिटर. दिसायला काहीच नाही, करंगळीएवढी धार. पण ती रात्रीही पडते. सकाळी टाकीत हजारभर लिटर साठलेलं असतं, हे लोकांना दोन दिवस खरं वाटेना.

आठवडाभराने ठोक्याचा आवाज बदलला. आधी 'ठक्', आता 'ठण्', आणि अख्खा चौथरा हादरायला लागला. भांड्यातली हवा पाण्यात विरघळून संपली होती. उपाय, आतल्या व्हॉल्व्हच्या जरा खाली बारीक भोक, प्रत्येक ठोक्याला ते चिमूटभर हवा ओढून घेतं. मी दोन मिलिमीटरचं पाडलं, त्यातून पिचकारीच उडू लागली. तांब्याची तार वाकवून भोकात अडकवली, तेव्हा जमलं. एक मिलिमीटरपासून सुरुवात करा, भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

२९ ऑगस्ट

दहा दिवस काम बंद. १७ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन, मग गावात मयत. सुंबात अंत्यविधी म्हणजे दूरदूरचे नातेवाईक, हाताने विणलेल्या इकत कापडांच्या घड्या, डुकरं, म्हशी. पाइप पुरायला येणारी माणसं मांडव उभारण्यात गुंतली. पहिले दोन दिवस मी चिडचिड केली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की एवढ्या पाहुण्यांचा स्वयंपाक टाकीच्या पाण्यावर चालला आहे आणि बायका दरीत उतरलेल्या नाहीत.

मग मीही भाताच्या पातेल्यापाशी जाऊन बसले.

१२ सप्टेंबर

पाइप पुरायचा राहिला होता, तो काल जळला.

इथे कोरड्या दिवसांत माळरानं पेटवतात, कोवळं गवत फुटावं आणि घोड्या-म्हशींना मिळावं म्हणून. आग शेजारच्या टेकडीवरून आली. ६० मीटर पाइप वितळून काळ्या मेणासारखा दगडांना चिकटला. कोणी पेटवलं, हे गावात सगळ्यांना माहीत असावं. मी विचारलं नाही.

काढून ठेवलेला जुना पातळ पाइप वरच्या भागात, जिथे दाब कमी, तिथे लावला. त्यामुळे पैशाचा फटका बसला नाही. पण आता पुरणं टाळता येत नव्हतं. जमीन चुनखडीची, वीतभर मातीखाली दगड. पहारीने एक माणूस दिवसात सहा-सात मीटर चर खणतो. मेहनतीचा हा सगळ्यात मोठा भाग होता आणि माझ्या कागदावर तो 'पाइप टाकणे, २ दिवस' असा एका ओळीत होता. (नंतरची भर: लागले २३ दिवस.) पंप सोपा असतो. खातो तो पाइप.

१६ ऑक्टोबर

देखभालीची समिती नेमली होती, तीन पुरुष. पहिल्या महिन्यानंतर त्यातला एकही दरीत उतरलेला नाही. पंप बंद पडल्याचं मला सांगायला येते ती उताराच्या टोकावरच्या घरातली विणकर मामा. ती दिवसभर मागावर बसलेली असते, दरीतला ठोका तिला तिथे ऐकू येतो. "पोंपा माती," एवढंच म्हणते. पंप मेला.

तर पंप तिसऱ्यांदा मेला. उघडला, तर व्हॉल्व्हच्या बैठकीवर पांढरा खरखरीत थर. चुनखडीतलं पाणी, चुना सोबत आणणारच. ब्लेडने खरवडलं तर पितळेवर ओरखडे पडले आणि गळती वाढली. मग आठवलं, घरी तांब्याची भांडी कशाने घासतो? इथे चिंचेची झाडं ढिगाने आहेत. चिंचेच्या कोळात व्हॉल्व्ह रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी थर बोटाने निघाला. मामाने कोळाचा वास घेतला, चव पाहिली आणि उरलेला मागून नेला.

आता दर पंधरा दिवसांनी व्हॉल्व्ह चिंचेत. दुसरा जोड तयार ठेवला आहे, तो लावायचा आणि हा भिजवायचा. सुरुवातीला सांध्यांना युनियन, म्हणजे पाइप न फिरवता खोलता येणारा जोड, लावली नव्हती, त्यामुळे दर वेळी अर्धा पंप खोलावा लागायचा. दोन युनियन घातल्यावर काम दहा मिनिटांचं झालं. रबरी वायसर ट्रकच्या जुन्या टायरचे कापले, दुकानातल्यांपेक्षा जास्त टिकतात.

झरा आता मिनिटाला ५० लिटरवर आला आहे. वजन एक नटाने कमी करून ठोका वाढवला, मिनिटाला ६६. टाकीत दीड लिटर येतं.

९ नोव्हेंबर

समितीत बदल. विणकर मामाचं नाव घातलं, पुरुषांची दोन राहू दिली, नाही तर सभाच भरली नसती. मामाला पाना धरायला शिकवायची गरज पडली नाही, तिने चारदा पाहिलं होतं. मला तिने उलट विचारलं की 'ठण्' आवाज आला तर पहिली हवेच्या भोकातली तार पाहायची की झऱ्यावरची जाळी. मी म्हटलं तार. ती म्हणाली, पानगळीच्या दिवसांत आधी जाळी. बरोबर होतं.

रंगकाम करणाऱ्या बायका आता टाकीपाशीच सूत धुतात. लाल रंग बारतोंडीच्या मुळ्यांचा, आपल्याकडे ज्याला आल म्हणायचे तोच. त्याला पाणी भरपूर लागतं. त्यावरून वाद सुरू झाला आहे, पिण्याचं पाणी रंगाला का. कपाला देसांनी संध्याकाळी पाचनंतरची वेळ रंगाला दिली. टिकेल असं वाटत नाही.

२४ नोव्हेंबर

पहिला मोठा पाऊस. झऱ्याचं पाणी चहासारखं आलं, जाळी पानांनी आणि खेकड्यांनी बंद. पंप थांबवून चावी फिरवली. अशा दिवशी चालू ठेवला तर वाळू व्हॉल्व्ह खाते. तीन दिवस छपरावरून पडणारं पाणी प्यायचं, हे सगळ्यांना मान्य आहे.

बाकी राहिलेलं: वरची सात घरं. त्यांच्यासाठी टाकीजवळ दुसरा, छोटा हायड्रम लावता येत नाही, तिथे पडायला पाणीच नाही. हातपंपाने ९ मीटर चढवता येईल, त्याचे पैसे उरलेले नाहीत. सध्या त्या घरातल्या मुली टाकीपर्यंत येतात, चार मिनिटं उतार, सहा मिनिटं चढ.

सामानाचा डबा मामाच्या घरात आढ्याला टांगला आहे. दोन जोड व्हॉल्व्ह, टायरचे १४ वायसर, टेफ्लॉनची सहा रिळं, १२ नंबरचा पाना, तांब्याची तार हातभर. आणि पारदर्शक नळी. ती मी मागितली होती, तिने दिली नाही.